भांडण मिटलं की दाबलं? आष्टीचा एकोपा आणि चीनचा ‘सुसंवादी समाज’

आष्टीतल्या माणसाला १६ ऑगस्ट १९४२ ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. नागपंचमीचा दिवस होता. मुंबईत ‘चले जाव’चा ठराव होऊन आठ दिवस झाले होते, मोठे पुढारी तुरुंगात होते, आणि आजूबाजूच्या खेड्यांतले लोक आष्टीच्या पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला निघाले. गोळीबार झाला, माणसं पडली. चिडलेल्या जमावाच्या हातून ठाणेदार आणि शिपाईही मारले गेले. शहिदांच्या यादीत डॉ. गोविंद मालपे आहेत, पंची गोंड आहेत आणि रशीद खान आहेत. पुढे धरपकड, खटले, फाशीच्या शिक्षा. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना फासावरून परत आणण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं.

आपल्या समाजात ही गोष्ट सांगताना आपण रशीद खान या नावावर थांबतो. थांबायलाच पाहिजे. पण त्याच गोष्टीची एक दुसरी बाजू आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्या दिवशी मालपे, गोंड आणि खान एका रांगेत चालत होते. गावाच्या इतिहासात याच्यापेक्षा मोठा एकोपा सापडणार नाही. इंग्रज सरकारच्या दप्तरात मात्र हाच दिवस दंगा आणि अशांतता म्हणून लिहिला गेला. गावाला जो एकोपा वाटला, तो सरकारला बिघाड वाटला.

मग सलोखा म्हणजे काय, आणि तो आहे की नाही हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न आज सगळ्यात मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये विचारता येतो. तिथे ‘सुसंवादी समाज’ हे सरकारचं जाहीर ध्येय आहे आणि त्याचा धागा थेट अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कन्फ्युशियसपर्यंत नेला जातो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चीनबद्दल दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक तर ‘बघा काय रस्ते, काय रेल्वे’, नाहीतर ‘बघा मशिदींचं काय केलं’. दोन्ही गोष्टी एकाच धोरणातून कशा निघतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी कन्फ्युशियस समजून घेऊ. काळ इसवीसनपूर्व ५५१ ते ४७९. आजच्या शानडोंग प्रांतातलं छूफू हे त्याचं गाव. लहान लहान राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली, जुने रीतिरिवाज मोडलेले, अशा काळात हा माणूस गावोगाव फिरून राजांना सांगत होता की दंडुक्याने राज्य टिकत नाही, राजाच्या वागणुकीने टिकतं. त्याच्या शिष्यांनी त्याची संभाषणं जमवली. त्यात एक भेद येतो: जुळवून घेणं वेगळं आणि एकसारखं होणं वेगळं. चांगला माणूस दुसऱ्याशी जुळवून घेतो, पण त्याच्यासारखा होत नाही. हलका माणूस दुसऱ्यासारखा होतो, पण आतून जुळत नाही. शब्द माझे आहेत, मतलब त्याचा.

जुन्या चिनी ग्रंथांत हाच भेद स्वयंपाकाच्या उदाहरणाने सांगितलेला आहे. रश्शात पाणी, मीठ, आंबट, मांस, मसाला सगळं वेगवेगळं पडतं तेव्हा त्याला चव येते. पाण्यात पाणीच ओतत राहिलं तर ते कोण खाणार? दरबारात राजा म्हणेल त्याला सगळे ‘हो’ म्हणत असतील, तर ते पाण्यात पाणी ओतणं झालं. राजाच्या बोलण्यात खोट असेल ती दाखवणारा माणूसच खरा सलोखा राखतो. सावजी रस्सा खाणाऱ्या आपल्या भागाला हे उदाहरण लगेच पटावं. गंमत म्हणजे सलोख्यासाठीचं चिनी अक्षर लिहितानाही त्यात धान्याची खूण आणि तोंडाची खूण येते.

कन्फ्युशियसच्या परंपरेत समाज पाच नात्यांवर उभा आहे: राजा आणि मंत्री, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको, थोरला आणि धाकटा, मित्र आणि मित्र. शेवटचं सोडलं तर बाकी चारही नाती वर-खाली आहेत. हे मान्य करायला हवं, त्यावर पांघरूण घालू नये. स्त्रियांनी आणि धाकट्यांनी याची किंमत चुकवली. पण या व्यवस्थेत कर्तव्य दोन्ही बाजूंना होतं. बापाने बापासारखं वागावं, राजाने राजासारखं. नंतरच्या मेन्शियस नावाच्या विचारवंताने तर जुलमी राजा हा राजाच राहत नाही, इथपर्यंत मजल मारली. आजचं सरकार कन्फ्युशियसचं नाव घेतं तेव्हा खालच्याने वरच्याचा मान राखावा एवढा अर्धा भाग ठळक होतो. वरच्यालाही सुनवावं, हा दुसरा अर्धा भाग बारीक अक्षरात जातो.

आणखी दोन शब्द माहीत करून घ्यायला हवेत, कारण आजच्या चीनची राष्ट्रीय स्वप्नं त्यांच्यावरच बांधलेली आहेत. विधींच्या जुन्या ग्रंथात दोन काळांची वर्णनं येतात. एक ‘दातोंग’, म्हणजे महान ऐक्याचा काळ: जग सगळ्यांचं, म्हातारे, अनाथ, विधवा सगळ्यांची सोय, दाराला कडी लावायची गरज नाही. दुसरा त्याच्या खालचा, ‘शियाओकांग’, बेताच्या सुखाचा काळ. १९७९ मध्ये दंग शियाओपिंगने आपलं आर्थिक उद्दिष्ट सांगताना हाच ‘शियाओकांग’ शब्द उचलला. घरात खायला पुरेसं, अंगावर कपडा, हातात चार पैसे. १ जुलै २०२१ ला, पक्षाच्या शंभराव्या वाढदिवशी, शी जिनपिंग यांनी हे उद्दिष्ट गाठल्याची घोषणा केली. कम्युनिस्ट पक्ष आपल्या शंभरीला कन्फ्युशियसच्या परंपरेतला शब्द वापरून हिशेब देतो, ही नुसती शोभा नाही. लोकांच्या मनात खोल रुजलेला शब्द सरकारला फार कामाचा असतो. आपल्याकडे ‘रामराज्य’ हा शब्द किती पक्षांनी किती अर्थांनी वापरला ते आठवून बघा.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आष्टीहून तळेगाव (श्यामजीपंत) गाठा, महामार्गाने वर्धा नदी ओलांडा, तिवसा गेलं की गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये उभा केलेला आश्रम. १९४२ मध्ये त्यांच्या भजनांनी या भागात जी आग लावली, तिच्यासाठी इंग्रजांनी त्यांना ऑगस्टमध्येच अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. पुढे त्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. एकेचाळीस अध्याय. त्यात ग्रामशुद्धी आहे, आरोग्य आहे, श्रम आहे, स्त्रियांची उन्नती आहे, सामुदायिक प्रार्थना आहे. एका अध्यायाचं नाव ‘ग्रामकुटुंब’ आहे आणि दुसऱ्याचं ‘भू-वैकुंठ’. गाव म्हणजे एक कुटुंब आणि नीट चाललेलं गाव म्हणजे पृथ्वीवरचं वैकुंठ. कन्फ्युशियसही घरातून गावाकडे, गावातून राज्याकडे असाच जातो. दोघांनी एकमेकांचं काही घेतलेलं नाही. शेतीवर जगणारा, भावकीत बांधलेला समाज सुखाचं स्वप्न बघतो तेव्हा त्याला पहिली आठवण घराचीच होते, एवढाच त्याचा अर्थ.

घराची उपमा गोड आहे, पण घरात थोरला कोण, हा प्रश्न तिच्यासोबतच येतो. तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेत सगळ्या धर्मांना जागा होती आणि आपल्या भागातल्या कितीतरी मुस्लिम घरांत त्यांच्याबद्दल आदर आहे. तेच महाराज १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेच्या बैठकीलाही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा ते सीमेवर जवानांना धीर द्यायलाही गेले होते. माणूस एका चौकटीत बसत नाही, संत असला तरी. सलोख्याचा शब्द तोच राहतो आणि वापरणारे बदलतात.

चीनमध्ये हा शब्द तर गायबच झाला होता. १९१९ च्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळापासून नव्या पिढीने देशाच्या मागासलेपणाचं खापर कन्फ्युशियसवर फोडलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत १९६६ मध्ये रेड गार्ड छूफूला गेले आणि त्यांनी कन्फ्युशियसच्या मंदिराची आणि कबरीची मोडतोड केली. १९७४ च्या सुमारास तर त्याच्याविरुद्ध देशभर सरकारी मोहीम चालली. तेव्हा मंत्र होता संघर्षाचा. सलोखा म्हणजे जमीनदारांची लबाडी.

मग तीस वर्षांत असं काय झालं की त्याच पक्षाने सलोखा डोक्यावर घेतला? उत्तर शेतात आहे. कारखाने वाढले, शहरं फुगली, आणि गावच्या जमिनी विकासाच्या नावाखाली कवडीमोलाने गेल्या. श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर वाढलं. चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने स्वतः दिलेला आकडा आहे: एकट्या २००५ सालात सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या ८७ हजार घटना. मोर्चे, घेराव, पोलिसांशी झटापटी. वर्गसंघर्षावर उभा राहिलेला पक्ष सत्तेत बसल्यावर आता खालून येणाऱ्या संघर्षाला काय नाव देणार? २००४ पासून हू जिंताओ यांच्या नेतृत्वाखाली ‘समाजवादी सुसंवादी समाज’ हा शब्दप्रयोग पुढे आला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने त्यावर ठरावच केला.

यात नुसती भाषणं नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १ जानेवारी २००६ पासून चीनने शेतीवरचा कर रद्द केला. शतकानुशतकं चालत आलेला कर. खेड्यांत आरोग्य विमा पसरला, शाळेची फी माफ झाली. त्याच २००६ मध्ये आपल्याकडे विदर्भ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेला होता आणि पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे येऊन पॅकेज जाहीर करून गेले होते. सलोखा पोटातून सुरू होतो, एवढं बीजिंगला कळलं होतं.

पुढची काही वर्षं ‘सलोखा’ हा शब्द चीनमध्ये सगळीकडे दिसू लागला. २००७ मध्ये धावलेल्या वेगवान गाड्यांना नाव दिलं ‘सलोखा’. ८ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात शेकडो कलाकारांनी छापखान्याच्या खिळ्यांसारखे ठोकळे वर-खाली करून हेच अक्षर जगाला दाखवलं. जानेवारी २०११ मध्ये तिआनआनमेन चौकालगत, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, कन्फ्युशियसचा भलामोठा पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून हलवला. माओच्या तसबिरीच्या नजरेसमोर कन्फ्युशियस बसवायचा की नाही, यावर घरातच एकमत नव्हतं, असाच अर्थ लोकांनी काढला. २०१२ च्या अखेरीस शी जिनपिंग आले आणि त्यांनी ‘चिनी स्वप्न’ आणि राष्ट्राचं ‘पुनरुत्थान’ हे शब्द पुढे आणले. पुढच्याच वर्षी ते छूफूला जाऊन आले. सरकारने जाहीर केलेल्या बारा मूल्यांत सलोखा आहेच. पण २०१७ मध्ये आलेल्या नव्या वेगवान गाड्यांचं नाव आता ‘पुनरुत्थान’ आहे.

सामान्य चिनी माणसाने या शब्दाचं काय केलं ते तर बघण्यासारखं आहे. इंटरनेटवरची एखादी पोस्ट सरकारने उडवली की लोक म्हणू लागले, ‘माझी पोस्ट सलोखित झाली’. मग तो शब्दही पकडला जाऊ लागला. तेव्हा लोकांनी उच्चाराने जवळचा दुसरा शब्द घेतला, ज्याचा अर्थ नदीतला खेकडा. खेकड्याची चित्रं फिरू लागली. सरकारी शब्दाची टिंगल करायला जनता कुठेही मागे नसते.

पण मूळ अडचण टिंगलीपेक्षा गंभीर आहे, आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. चीनमध्ये तक्रार वर नेण्याची जुनी सोय आहे. गावातल्या अधिकाऱ्याने अन्याय केला तर अर्ज घेऊन प्रांताला, तिथून बीजिंगला जायचं. बादशाही काळापासून ही पद्धत चालत आली. सलोखा हे सरकारी उद्दिष्ट झालं तेव्हा खालच्या अधिकाऱ्यांच्या कामाचं मोजमाप आलं. तुमच्या भागातून किती लोक बीजिंगला तक्रार घेऊन गेले? किती मोर्चे निघाले? मोठी गडबड झाली तर बाकी काम कितीही चांगलं असो, बढती अडलीच. याचा परिणाम काय होणार, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा. अन्याय कमी करण्यापेक्षा तक्रारदाराला रस्त्यातच अडवणं सोपं. कितीतरी तक्रारदारांना बीजिंगमधून पकडून बेकायदा कोठड्यांत ठेवून गावी परत पाठवल्याच्या बातम्या खुद्द चिनी पत्रकारांनी दिल्या आहेत.

याच्याच जोडीला ‘फंगछियाओचा अनुभव’ म्हणून एक पद्धत आहे. फंगछियाओ हे जजियांग प्रांतातलं ठिकाण. गावचं भांडण गावातच मिटवायचं, वर जाऊ द्यायचं नाही. १९६३ मध्ये माओने तिचं कौतुक केलं होतं. तेव्हा ‘वर्गशत्रू’ ठरवलेल्या लोकांवर गावकऱ्यांनीच नजर ठेवायची, हा तिचा मुख्य भाग होता. शी जिनपिंग यांनी तिला पुन्हा वर काढलं. आता तीत शेजाऱ्यांची भांडणं, जमिनीचे वाद, नवरा-बायकोचे तंटे मिटवणाऱ्या समित्या आहेत. सोबत नजर ठेवणंही आहे.

गावचं भांडण गावातच. वाक्य ओळखीचं वाटतं ना? १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती, गावातल्या तंट्यांची नोंद, तडजोडीने मिटवलेल्या तंट्यांना गुण, नवे तंटे होऊ न देण्यालाही गुण. पुरेसे गुण मिळाले की गाव तंटामुक्त आणि लोकसंख्येप्रमाणे बक्षिसाची रक्कम. चीनने सुसंवादी समाजाचा ठराव केला, त्याला वर्षही झालं नव्हतं. कुणी कुणाची नक्कल केली असं मी म्हणत नाही. दोन वेगळ्या देशांतली सरकारं एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचली: कोर्टात खटल्यांचे ढीग आहेत, ठाण्यात माणसं कमी आहेत, तर गावानेच आपलं बघावं.

मोहिमेने चांगलं काम केलं, यात वाद नाही. धुऱ्यावरून दोन-दोन पिढ्या चाललेली भांडणं बसून मिटली. पांधण रस्ते मोकळे झाले. भावकीच्या वाटण्या झाल्या. विदर्भात तर समितीने पळून आलेल्या पोरा-पोरींची लग्नं लावून दिल्याच्या बातम्या किती वेळा वाचल्या असतील. जात वेगळी असतानाही. कोर्टाच्या खेपांत संत्र्याचा एक बहार विकून वकिलाची फी भरणाऱ्या माणसाला विचारा, गावात मिटलेला तंटा काय मोलाचा असतो ते.

पण गुणपत्रिका आली की तिच्यामागे गुणपत्रिकेची खोडही येते. बक्षीस गावाला मिळणार असेल, तर तक्रार करणारा एकटा माणूस गावाच्या आड येतो. बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन निघाली की चार शहाणे तिला समजवायला बसतात. ज्या गावात आपली चार-पाचच घरं आहेत, तिथे कब्रस्तानच्या जागेवरच्या अतिक्रमणाचा विषय काढला की ‘जाऊ द्या ना चाचा, गावाचं नाव खराब होईल’ हे वाक्य येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही. तरी तंटा मिटलेला नसतो, फक्त त्याची नोंद झालेली नसते. आणि समितीत त्या चार-पाच घरांतलं कुणी नसेल, तर रस्सा शिजला कसा हे त्यांना ताटात आल्यावरच कळतं.

चिनी मुसलमानांची गोष्ट इथेच समजून घ्यायला हवी. ती आपल्याकडे फक्त शिनजियांगच्या बातमीने सुरू होते, पण तिची सुरुवात फार वेगळी आहे. सतराव्या शतकात चीनच्या मध्यभागातले मुसलमान, ज्यांना आज हुई म्हणतात, घरीदारी चिनीच बोलत होते. त्यांच्यातल्या आलिमांनी ठरवलं की दीन चिनी भाषेतच समजावून सांगायचा. वांग दाइयू यांचं मोठं पुस्तक १६४२ च्या सुमारास आलं. त्यानंतर नानजिंगचे लिऊ जी. त्यांनी इस्लामच्या पाच अरकानांची मांडणी कन्फ्युशियसच्या पाच नात्यांच्या शेजारी केली. अल्लाहशी नातं पाच फर्जांतून, माणसांशी नातं या पाच नात्यांतून. त्यांनी पैगंबरांचं (स.) चरित्रही चिनीत लिहिलं. या सगळ्या पुस्तकांना मिळून ‘हान किताब’ म्हणतात: ‘हान’ चिनी, ‘किताब’ अरबी. नावातच दोन भाषा एकत्र बसल्या आहेत.

शियानची मोठी मशीद बघा. वरून उतरत्या कौलांचं चिनी मंदिरच वाटावं, घुमट नाही, आत मिहराब मक्केकडे आणि भिंतींवर आयती. कुणी बंदूक रोखून ती तशी बांधायला लावली नव्हती. रश्शात आपला मसाला घालून ही माणसं त्या देशाची झाली, मुसलमान राहूनच. कन्फ्युशियसच्या भाषेत सांगायचं तर जुळवून घेतलं, एकसारखं झाले नाहीत.

आज ‘चिनीकरण’ हे सरकारी धोरण आहे. २०१८ मध्ये इस्लामच्या चिनीकरणाची पाच वर्षांची योजनाच ठरली. मशिदींचे घुमट आणि मिनार काढून तिथे चिनी छपरं बसवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निंगशियातल्या वेजोऊच्या मशिदीसमोर हजारो हुई लोक बसून राहिले. मे २०२३ मध्ये युन्नानच्या नाजियायिंगमध्ये लोकांची पोलिसांशी झटापट झाली. दोन्ही ठिकाणी पुढे घुमट गेले. शियानच्या छपरासारखंच छप्पर आलं, असं कुणी म्हणेल. छप्पर सारखं दिसेलही. फरक एवढाच की एक छप्पर लोकांनी आपल्या हाताने घातलं आणि दुसरं त्यांच्या डोक्यावर आणून ठेवलं.

शिनजियांगचं प्रकरण याच्याही पलीकडे गेलं. जुलै २००९ च्या उरुमचीच्या दंगलीत सरकारी आकड्यानुसारच १९७ माणसं मेली, त्यात हान चिनी मोठ्या संख्येने होते. पुढे बाजारात, रेल्वे स्टेशनवर हल्ले झाले. दहशतवाद होता, तो नाकारून चालणार नाही. पण त्यावर जो इलाज झाला तो अख्ख्या कौमवर. २०१७ च्या आसपासपासून लाखो उइघुर आणि इतर मुसलमानांना छावण्यांत ठेवलं गेल्याचं अभ्यासकांनी आणि सुटून आलेल्यांनी सांगितलं. चीन त्यांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं म्हटलं. तिथेही सरकारी शब्द सलोखा आणि स्थैर्य हेच आहेत.

आणि एक कडू गोष्ट, आपल्या घरातली. जुलै २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत बावीस देशांनी शिनजियांगबद्दल चीनवर टीका करणारं पत्र दिलं, तेव्हा चीनच्या बाजूने सदतीस देशांचं पत्र आलं. त्यावर सौदी अरेबियाची सही होती, पाकिस्तानची होती. उम्मतची भाषा सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांनीही तिथे शेजारधर्म आणि धंदाच पाहिला. तेव्हा परक्या देशातल्या मुसलमानांसाठी कोण उभं राहील, याचा हिशेब आपण जरा जपून केलेला बरा.

आपल्या परंपरेतही सलोख्याचा एक करार आहे. मदिनेत हिजरतीनंतर पैगंबरांनी (स.) मुसलमान आणि ज्यू टोळ्यांमध्ये केलेला मीसाक-ए-मदिना. त्यात ज्याचा धर्म त्याच्याकडे राहिला, शहराचं रक्षण सगळ्यांचं झालं, आणि टोळ्यांची नावं एकेक करून लिहिली गेली. पुढे त्या करारात तडे गेले, तो इतिहासही आपल्याला माहीत आहे. तरी लेखी करारात लहान गटाचंही नाव असणं, ही गोष्ट मला आजच्या गावसमितीसाठी फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे आणि चीनमध्ये आज एक मोठा फरक आहे. तो आपण गृहीत धरतो म्हणून सांगतो. तंटामुक्त समिती तडजोड सुचवू शकते, लादू शकत नाही. तिचं म्हणणं मान्य नसेल तर कोर्टाचा रस्ता बंद होत नाही. कायद्याने ज्या गुन्ह्यांत तडजोडच करता येत नाही, जसे बलात्कार, खून किंवा ॲट्रॉसिटी, ते समितीसमोर मिटूच शकत नाहीत. ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. यासाठी बीजिंगची गाडी पकडावी लागत नाही. वर्ध्यापर्यंत जावं लागतं, तेही थोडं नाही, मान्य.

समिती नेमली जाते ती ग्रामसभेत. त्या सभेला आपल्या मोहल्ल्यातून किती जण जातात? बायका किती जातात? बऱ्याच गावांत उत्तर शून्याच्या आसपास आहे आणि त्याचा दोष प्रत्येक वेळी दुसऱ्यांवर टाकता येणार नाही. सभेची दवंडी झाली की त्या दिवशी अर्धा दिवस मजुरी बुडेल, हे खरं. पण समितीच्या यादीत आपलं एखादं नाव जातं ते तिथेच, नंतर नाही. आणि तडजोडीच्या कागदावर सही करायची वेळ आलीच, तर कागद आधी पूर्ण वाचून घ्यायचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचवून घ्यायचा, आणि त्याची एक नक्कल आपल्याजवळ ठेवायची.